अनोळखी फाइलीचे कुलशील

इसवी सन २००२ च्या एप्रिलात जगभरच्या संगणकधारकांच्या ई-मेलमध्ये एक इशारापत्र फिरू लागले. विंडोज प्रणालीच्या अंतर्भागात ‘जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई’ नावाची, खेळण्यातल्या अस्वलाचे चिन्ह धारण करणारी एक फाइल आढळेल. ती म्हणजे साक्षात व्हायरस असून प्रतिबंधक प्रोग्रामांनाही तो सापडत नाही, सबब ती तत्काळ नष्ट करावी आणि आपल्या सर्व परिचितांना सावध करावे, असा त्याचा मजकूर होता. वाचकाने शोध घ्यावा, तो फाइल खरोखरच तेथे असावी आणि तिच्यावरचे अस्वलही जागेवर असावे. मग पत्राच्या सत्यतेविषयी शंका उरणार कोठून? वस्तुतः जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्यांतील दोष हुडकता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ती घातलेली होती, आणि म्हणूनच ती घरोघर सापडत होती. आदल्याच वर्षी, लांब फाइलनावांची जपणूक करणाऱ्या ‘सल्फनबीके.ईएक्सई’ या निरुपद्रवी फाइलीवर असेच किटाळ आले होते. दोन्ही प्रकरणी परक्याच्या संगणकात शिरण्याची तसदी कोणाला घ्यावी लागली नाही. पुसापुशीचे काम मालकांनी स्वहस्ते केले.

प्रणालीत हजारो फाइली असतात आणि त्यांतील बहुतेकींशी सामान्य माणसाचा जन्मात परिचय होत नाही. तेव्हा फाइल अनोळखी आहे, एवढाच तिच्यावरील आरोपाचा पुरावा होऊ शकत नाही. उलट, नाव परिचित आहे म्हणून ती निर्दोष ठरते असेही नाही. ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई’ हे या बाबतीतले उत्तम उदाहरण होय. विंडोजच्या ज्या सेवा स्वतंत्रपणे चालू शकत नाहीत, त्यांना आश्रय देणे हे या फाइलीचे काम. २०१७ पासून विंडोज १० मध्ये, साडेतीन जीबीपेक्षा अधिक मेमरी असलेल्या संगणकांवर, बहुतेक सेवांना निरनिराळे बिऱ्हाड मिळाले. त्यामुळे टास्क मॅनेजर उघडताच हे एकच नाव डझनावारी दिसते आणि नवखा मनुष्य गांगरतो. त्या गर्दीचा फायदा घेऊन उपद्रवी प्रोग्राम दोन अक्षरांची अदलाबदल करून किंवा ‘ओ’च्या जागी शून्य घालून तिच्यात मिसळतात, आणि काही तर नाव जसेच्या तसे उचलून केवळ निराळ्या फोल्डरात ठाण मांडतात.

म्हणून नावानंतर वास्तव्याचा तपास करावा. टास्क मॅनेजरमधील नोंदीवर उजवी टिचकी मारून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले, की फाइलीचा ठावठिकाणा कळतो. एसव्हीसीहोस्टचे न्याय्य स्थान सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातील ‘सिस्टिम ३२’ हे, आणि ६४ बिटी प्रणालीत त्याच्या जोडीला ‘सिसवाउ ६४’ हे होय. तीच फाइल डाउनलोड्समधून किंवा ‘टेम्प’मधून चालत असेल, तर प्रकरण संशयास्पद समजावे. तिला चालू कोणी केले, हेही पाहण्याजोगे असते. खऱ्या एसव्हीसीहोस्टची जननी सर्वसाधारणपणे ‘सर्व्हिसेस.ईएक्सई’ असते. ही वंशावळ दाखवणारे ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मार्क रसिनोविच यांचे साधन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

तिसरा दाखला डिजिटल स्वाक्षरीचा. सनदेवर मोर्तब असावे तशी ही स्वाक्षरी फाइल कोणी प्रसृत केली ते सांगते. शिवाय मजकुरात मागाहून एका अक्षराचा जरी फेरफार झाला, तरी ती रद्दबातल ठरते. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये तिचे पान असते, परंतु विंडोजच्या अनेक फाइलींच्या स्वाक्षऱ्या स्वतंत्र कॅटलॉगात ठेवलेल्या असल्यामुळे तेथे पान न दिसणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. प्रोसेस एक्सप्लोररमधील पडताळणी असा कॅटलॉगही तपासते. तथापि मोर्तबही चोरीला जाऊ शकते: २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या उपद्रवी प्रोग्रामाचे घटक रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेले होते. सबब कोणताही एकच दाखला निर्णायक मानू नये.

चौथी साक्ष अनेक पंचांची. कोणत्याही फाइलीवरून गणिताने ६४ अक्षरांची एक खूण काढता येते. तिला ‘शा-२५६’ म्हणतात. पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने ती मिळवून ‘व्हायरसटोटल’ या सेवेत शोधली असता, सत्तरच्या आसपास प्रतिबंधक प्रोग्रामांचे मत एकत्र पाहावयास मिळते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे. बहुतेकांनी एकमुखाने दोषी म्हटले, तर वादच मिटला; एखाद्यानेच हाकाटी केली, तर ती चूक असण्याचा संभव मोठा; आणि खुणेची नोंदच नसेल, तर फाइल नवी किंवा दुर्मीळ आहे एवढेच सिद्ध होते. खासगी कागदपत्र मात्र तेथे कदापि चढवू नये, कारण चढवलेली फाइल सेवेच्या वर्गणीदारांना पाहता येते.

जाणकारांची चूकही केवढी महाग पडते, हे २१ एप्रिल २०१० रोजी दिसले. मॅकॅफी या प्रतिबंधक प्रोग्रामाच्या त्या दिवशीच्या अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील खऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवले, आणि हजारो संगणक पुनःपुन्हा बंद होऊन चालू होण्याच्या चक्रात सापडले. यास्तव संशय बळावल्यास प्रथम इंटरनेट तोडावे, प्रतिबंधक प्रोग्रामाकडून संपूर्ण तपासणी करवून फाइल त्याच्या ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवावी, आणि प्रणालीच्या मूळ फाइलींना धक्का लागला असेल असे वाटल्यास प्रशासकाच्या अधिकाराने ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही आज्ञा देऊन त्या पूर्ववत कराव्यात. कायमचे पुसण्याचा हुकूम सर्वांत शेवटी काढावा. कारण अटकेत ठेवलेली निर्दोष फाइल चौकशीअंती सोडता येते, घाईने पुसलेली परत मिळेलच याची हमी नसते.