केमोनंतर दही द्यावे का?

घरात कोणाची केमोथेरपी सुरू झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो. एक म्हणतो दही बंद करा, दुसरा म्हणतो दहीच द्या. मेडिकलवाला 'चांगल्या जंतूंच्या' म्हणजे प्रोबायोटिक कॅप्सूल पुढे करतो.

सायक्लोफॉस्फामाइड हे नेहमीचे औषध घेऊ. स्तनाच्या व रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते देतात, ल्युपसमध्ये मूत्रपिंड वाचवायलाही देतात. भराभर वाढणाऱ्या पेशी ते मारते. त्यात हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही सापडतात. डोसनंतर साधारण ८ ते १४ दिवसांत काउंट सर्वांत खाली जातो आणि २१ दिवसांपर्यंत बहुधा सावरतो.

आतड्याचे अस्तरही याच औषधाने झिजते. तिथे कोट्यवधी जंतू राहतात. भाकरी, डाळ, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य अन्न. अस्तर धड असले की जंतू आपल्या जागी राहतात आणि पलीकडच्या संरक्षक पेशींना हवा तेवढाच इशारा मिळतो.

उंदरांना हे औषध टोचून लॅक्टोबॅसिलस जंतू पाजले, तेव्हा अनेक प्रयोगांत पांढऱ्या पेशी लवकर वाढल्या. पण उंदीर म्हणजे आपला रुग्ण नव्हे. इस्रायलमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांना अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक दिले, तर त्यांचे स्वतःचे जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला.

शिवाय काउंट खाली असताना कॅप्सूलमधला जिवंत जंतू झिजलेल्या अस्तरातून रक्तात उतरू शकतो. असे रुग्ण क्वचित, पण आढळले आहेत. म्हणून केमो देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल नको, मग शेजारणीला कितीही गुण आलेला असो. उघड्यावरचे सुटे दही, ताक, लस्सीही नको. काउंट सावरला आणि डॉक्टर हो म्हणाले, की उकळलेल्या दुधाला स्वच्छ भांड्यात विरजण लावून केलेले ताजे दही द्यावे. कॅप्सूलचे पैसे डाळ, नीट शिजवलेली भाजी, केळी यांत गेलेले बरे. आतड्यातले आपले जंतू त्यावरच पोसतात.

या दिवसांत घरी थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा, फाइल सोबत न्या आणि कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा: केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.