घरगुती मेणबत्ती आणि तिची वात

मेणबत्ती करणें म्हणजे मेण वितळवून साच्यांत ओतणें, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मेण कोणासही वितळवितां येतें. परंतु घरीं केलेली मेणबत्ती धुरकट जळते, ओघळते किंवा स्वतःच्याच मेणांत बुडून विझते, तें बहुधा वातीकडे दुर्लक्ष झाल्यामुळें. म्हणून वातीपाशीं मी आज अंमळ अधिक थांबणार आहें.

प्रथम मेण. आपल्या भाषेंत हा शब्द मूळचा मधमाशांच्या पोळ्याचा. तें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्याचा सुवास मंद, पण किंमत जबर. बाजारांत मिळणारें पांढरें मेण बहुधा पॅराफिन असतें, आणि तें खनिज तेलापासून निघतें. आसामांत डिगबोई येथें १९०१ सालीं सुरू झालेल्या तेलशुद्धीच्या कारखान्यांत असें मेण निघत आलें आहे. आपल्याकडील उन्हाळा ध्यानांत घेऊन ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळणारें पॅराफिन घ्यावें. त्याहून मऊ घेतल्यास वैशाखांत बत्त्या माना टाकतात. त्यांत दहावा हिस्सा स्टिअरिक आम्ल मिसळल्यास बत्ती कठीण व दुधासारखी शुभ्र होते आणि साच्यांतून सहज सुटते. चरबीच्या जुन्या बत्त्यांना दुर्गंधि येई, त्याचें एक कारण चरबींतील ग्लिसरीन. तें वेगळें काढून उरलेल्या आम्लांच्या बत्त्या करण्याचा हक्क शेव्ह्रल व गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८२५ सालीं नोंदविला.

आतां वात. जळते ती वात, असें आपण म्हणतों. वस्तुतः जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेनें मेण वितळतें, तें वातीच्या तंतूंतून वर चढतें, तेथें त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. मेणबत्ती फुंकून विझवितांच जी पांढरी रेघ वर जाते, तिला पेटती काडी दाखवा. वातीस न शिवतांही ज्योत खालीं उडी घेते. मायकेल फॅरडे यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८६०-६१ च्या नाताळांत केवळ मेणबत्तीवर मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, त्यांत हा प्रयोग होता.

यावरून वातीची जाडी कां महत्त्वाची, हें कळेल. वात जाड असेल तर ती गरजेहून अधिक मेण ओढते. तें पुरतें जळत नाहीं आणि धूर होतो. बारीक असेल तर वितळलेलें मेण सांचून ज्योत बुडते. देवापुढील समईची वात येथें चालत नाहीं. ती सरळ उभी राहते आणि टोंकाशीं कोळसा धरते. वेणीसारखी विणलेली वात जळतांना किंचित् वांकते. तिचें टोंक ज्योतीच्या बाहेरील, अति उष्ण भागांत जाऊन आपोआप जळून जातें. याकरितां जाड सुती धाग्याच्या तीन पदरांची घट्ट वेणी घालावी. एक पेला कोमट पाण्यांत एक चमचा मीठ व दोन चमचे टाकणखार विरघळवून तींत वात रात्रभर भिजवावी, दोन दिवस पूर्ण वाळवावी, नंतर वितळलेल्या मेणांत एकदां बुडवून सरळ ताणून ठेवावी. ओल राहिल्यास बत्ती तडतडते. जाडीचा हिशेब पुस्तकांतून शोधण्यापेक्षां एकाच साच्याच्या तीन बत्त्या तीन जाडींच्या वाती घालून कराव्या व तासभर जाळून पाहाव्या. जिचें मेणाचें तळें कांठाजवळ पोंचतें पण ओसंडत नाहीं, ती वात आपली.

मेण वितळवितांना भांडें प्रत्यक्ष आंचेवर कधींही ठेवूं नये. मोठ्या पातेल्यांत पाणी घ्यावें, त्यांत मेणाचा डबा ठेवावा; उकळतें पाणी शंभर अंशांच्या वर जात नाहीं, म्हणून मेणही जात नाहीं. प्रत्यक्ष आंचेवर तें दोनशे अंशांच्या पलीकडे गेलें, कीं त्याची वाफ पेटूं शकते. पेटलेंच, तर आंच बंद करून झांकण घालावें. पाणी ओतूं नये! पाणी मेणाहून जड. तें तळाशीं जातें, क्षणांत त्याची वाफ होते आणि पेटतें मेण अंगावर उसळतें. मुलांना हें आधीं समजावून मगच जवळ बसवावें.

साच्याला आंतून तेलाचा पुसट हात लावावा, वात मधोमध ताणून बांधावी आणि मेण सुमारें ७५ अंशांवर असतांना ओतावें. निवतांना पॅराफिन आक्रसतें व वातीभोंवतीं खळगा पडतो. वर साय धरतांच विणकामाच्या सुईनें दोनचार भोंकें पाडून पुन्हां मेण घालावें. साचा नसल्यास वात मेणांत बुडवावी, निवूं द्यावी, पुन्हां बुडवावी; वीसपंचवीस वेळांत बोटाएवढी बत्ती होते. मेण फार ऊन असेल तर आधींचे थर वितळतात, एवढें सांभाळावें. रंगासाठीं कुंकू घालूं नये. त्याचे कण वातीचे तंतु बुजवितात. मेणांत विरघळणारा रंग वेगळा मिळतो.

बत्ती एक दिवस तशीच ठेवून, वात पाव इंच राखून कापावी, मग लावावी. उरलेलें मेण डब्यांतच थिजूं द्यावें, मोरींत ओतूं नये. तें नळींत घट्ट बसतें.