डिफ लॉक: मागे, पुढे की दोन्हीकडे?

“गाडी फोर बाय फोर आहे, चारही चाकं ओढणार.” वाळवा-कराडच्या काळ्या रानात हा समज एका पावसात फिटतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत पुढचं एक आणि मागचं एक चाक चिखलात सापडलं, की ती दोनच गरगरतात आणि कोरड्यावरची दोन गप्प उभी राहतात. कारण साधं डिफरन्शियल एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. निसरड्यावरचं चाक जेमतेम 20 किलोचा रेटा पेलत असेल, तर पक्क्या जमिनीवरच्या चाकालाही 20 किलोच मिळतो, मग इंजिन कितीही मोठं असो. डिफ लॉक, म्हणजेच लॉकर, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवतो. त्याने ताकद वाढत नाही. आहे ती ताकद पकड असलेल्या चाकाला मिळते.

आपल्याकडे ही गोष्ट जीपवाल्यांना सांगावी लागते, ट्रॅक्टरवाल्यांना नाही. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना मागचं एक चाक रुतलं, की जाणता ड्रायव्हर आधी क्लच दाबून चाक थांबवतो, मग टाचेने डिफ लॉकचं पेडल दाबतो, सरळ बाहेर पडतो आणि वळायच्या आधी पाय काढतो. चाक गरगरत असताना पेडल मारलं तर आतले दात तुटू शकतात. “लावून ठेवला तर बिघडतं काय?” याचंही उत्तर इथेच आहे: वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. डांबरी रस्त्यावर लॉक राहिला, तर टायर घासतात आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेकही वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला, की दुसऱ्याला जोर मिळतो. थार आणि जिम्नी या गाड्यांत हेच काम संगणक करतो. ही सोय फसवी नाही, पण ती लॉकरही नव्हे: चाक घसरल्यावरच ती जागी होते आणि बराच वेळ राबवली तर ब्रेक तापतात.

“घ्यायचे तर दोन्हीकडे घ्या,” हा सल्ला मला पटत नाही. पाटण-जावळीच्या चढावर वजन मागे सरकतं, म्हणून एकच लॉकर घ्यायचा तर मागचाच. पुढचा लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायला मागत नाही. गुरखा गाडीत पुढचा आणि मागचा लॉक वेगवेगळा लावता येतो. तिथेही आधी मागचा. पुढचा अगदी अडल्यावर आणि सरळ जाताना. 2020 साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत मागचा मेकॅनिकल लॉकर आहे. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या वेगात पुरेसा फरक पडला की तो आपोआप लागतो. थोडं चाक फिरू द्यावं लागतं, हे ठाऊक नसलेले लोक नेमका त्याच क्षणी अॅक्सिलरेटरवरून पाय काढतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे लॉक लावला की कुठेही निर्धास्त. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या आडव्या उतारावर साध्या डिफरन्शियलचं एक चाक घसरतं आणि दुसरं गाडीला बाजूला धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकते. अशा ठिकाणी लॉक काढा, वेग कमी ठेवा. आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर लॉकरचे पैसे आधी टायरवर घाला.