रोखे मुंबईत, उधारी दिघाशीत

घरकुलाचा विषय ग्रामसभेपुढे येतो तो बहुतेक वेळा यादी होऊनच. भिवंडी तालुक्यातले दिघाशी घ्या किंवा आसपासचे कुठलेही गाव घ्या, पद्धत एकच. नावे वाचली जातात, घरकुलाच्या प्रतीक्षेतल्या कुटुंबांच्या ‘ड यादी’त कोण आले आणि कोण राहिले यावर आवाज चढतात, ठराव होतो, इतिवृत्तावर सह्या होतात आणि सभा संपते. घर कोणाला मिळणार हे ठरवण्यात गावाचा शब्द चालतो, आणि ही गोष्ट लहान नाही. पण घर म्हणजे दोन व्यवहार असतात. एक पैशाचा आणि दुसरा बांधणाऱ्याशी होणाऱ्या कराराचा. हे दोन्ही व्यवहार ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येत नाहीत. माझे म्हणणे असे की सरकारी घरकुलात जिथे कर्ज सर्वात स्वस्त आहे तिथे देखरेखीची सर्वात भक्कम व्यवस्था आहे, आणि जिथे कर्ज सर्वात महाग व करार तोंडी आहे तिथे कोणीच नाही. ती रिकामी जागा ग्रामसभेची आहे.

ही संस्था कागदावर दुबळी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातल्या प्रत्येक मतदाराला तिचे सभासद केले आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत जागा दिली. वर्षाला किमान चार सभा व्हाव्या लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, आणि मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी ती संख्या गणपूर्तीला पुरते. पंचायतीचे हिशेब, विकासकामांचा आराखडा, योजनांचे लाभार्थी हे सारे तिच्यापुढे मांडणे बंधनकारक आहे. पंचायतीच्या जमाखर्चाची तपासणी १९३० च्या कायद्याखाली स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. एवढ्या छोट्या घटकावर एवढी नजर असताना घरकुलाचा पैसा मात्र तिला वळसा घालून जातो. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के थेट लाभार्थ्याच्या खात्यात पडतात. पंचायतीच्या वहीत त्याची नोंदच नसते, मग तपासणी कशाची होणार?

हा पैसा आला कुठून, हेही पाहायला हवे. इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आणताना केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१६ मध्ये तीन वर्षांत एक कोटी घरांसाठी ८१,९७५ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्यातले ६०,००० कोटी अर्थसंकल्पातून आणि उरलेले २१,९७५ कोटी नाबार्डमार्फत कर्ज काढून उभे करायचे, व ते कर्ज २०२२ नंतर अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून फेडायचे, असे ठरले. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नाबार्डने त्यासाठी रोखे काढले आणि मुद्दल-व्याज फेडण्याचा भार केंद्राने उचलला. घर आज बांधायचे आणि पैसे उद्या फेडायचे, एवढाच याचा अर्थ, आणि त्यात गैर काही नाही. महत्त्वाचे हे की या कर्जावर पहारा होता. रोख्यांना पत मानांकन होते, व्याज किती आणि परतफेड कधी हे छापील होते. महालेखापरीक्षकांनी तर २०१६-१७ च्या वित्तीय जबाबदारीची तपासणी करताना अर्थसंकल्पाबाहेरच्या अशा कर्जांवर स्पष्ट आक्षेप घेतला आणि तो अहवाल संसदेपुढे आला. नंतर केंद्राने ही वाट बरीच आवरती घेतली. म्हणजे वरच्या मजल्यावर प्रश्न विचारणारे होते आणि विचारल्याचा परिणामही झाला.

आता खाली या. सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात. किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये येतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार आणि २०२५ मध्ये राज्याने घातलेली ५० हजारांची भर धरली तरी एकूण रक्कम २ लाख १० हजारांच्या आसपास जाते, चौरस फुटाला ८०० रुपयेही होत नाहीत. या दरात पाया, भिंती, स्लॅब आणि दारे-खिडक्या उभ्या करणारा मिस्त्री आज ठाणे जिल्ह्यात मिळणे अवघड आहे. शिवाय पैसा मिळतो तो टप्प्याने. मंजुरीबरोबर १५ हजारांचा पहिला हप्ता पडतो. मग जोता झाला की अभियंता येऊन फोटो काढणार, फोटो वर चढणार आणि पुढचा हप्ता सुटणार. प्रत्येक टप्प्याला काम आधी आणि पैसा मागून. १५ हजारांत जोता उठत नाही, त्यामुळे खडी, रेती, सिमेंट, सळई उधारीवर येते, सेंट्रिंगवाला थांबतो आणि घरातले कोणीतरी उचल घेते. केंद्र सरकारने नाबार्डकरवी जे केले तेच हे कुटुंब करत असते. उद्याच्या पैशावर आजचे घर. फरक व्याजाचा आहे, आणि याचा की या उधारीचा दर कुठेही छापलेला नसतो. बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्जाची सोय योजनेत आहे खरी, पण बँक नियमित उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि तो असता तर नाव यादीत आलेच नसते.

दुसरा व्यवहार ठेकेदाराचा. योजनेची मार्गदर्शक तत्त्वे इथे कठोर आहेत. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार नेमायचा नाही, नेमल्याचे आढळले तर केंद्र दिलेला निधी परत मागू शकते. हा नियम अनुभवातून आला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. सरकारने गावोगाव एकच ठेकेदार लावला की घरे एका साच्याची आणि कच्च्या मालाची होतात. पण ‘ठेकेदार नाही’ असे लिहिल्याने तो नाहीसा होत नाही. विधवा बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, पोट भरायला बाहेरगावी गेलेले जोडपे यांनी भिंत कशी उभी करायची? ते कोणाला तरी ‘अंगावर’ काम देतात. हा माणूस साहित्य आणतो, मजूर लावतो, हप्ता पडला की बरोबर बँकेत जातो. तो वाईट असतो असे नाही, अनेकदा तोच घर पुरे करून देतो. पण कागदावर तो नसल्यामुळे त्याला दर विचारता येत नाही, जोत्यावर काम सोडून गेला तर जाब विचारता येत नाही. निविदा नसते, करारनामा नसतो, साक्षीदारही नसतो.

शहरात निविदा असते, स्थायी समिती असते, रोखेही असतात. मग तिथे सारे ठीक आहे का? पुण्याचा दाखला पाहण्यासारखा आहे. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २,२६४ कोटींचे रोखे काढायचे ठरवून पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पहिले २०० कोटी ७.५९ टक्के व्याजाने, १० वर्षांच्या मुदतीवर उभे केले. त्याचे कौतुक झाले. पण लगेच पुढे कामाच्या निविदा अंदाजित खर्चापेक्षा बऱ्याच चढ्या आल्याने वाद पेटला आणि त्या रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. कर्ज हातात, कंत्राटदार ठरलेला नाही आणि व्याज वर्षाला १५ कोटींहून अधिक. निविदा रद्द करणे योग्यच होते, त्याने पैसा वाचला. चूक होती ती कर्ज आणि कंत्राट या एकाच कामाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कागदांवर तपासण्यात. दिघाशीच्या घरकुलात नेमके हेच घडते, फक्त आकडा लहान आणि भुर्दंड भरणारा एकटा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की थेट खात्यात पैसा आणि जागेचा नकाशाशी जोडलेला फोटो यांनी गळती बंद केली आहे, मग आणखी सभा कशाला? गळती कमी झाली हे मान्य. मधल्या हातांनी अनुदानातला वाटा कापून घेण्याचे दिवस या पद्धतीने मागे सारले, हे तिचे खरे श्रेय आहे. पण फोटोत जोता दिसतो, जोत्याखालची उधारी दिसत नाही. खात्यात पैसा पोहोचला एवढे संगणक सांगतो, दुसऱ्या दिवशी तो कोणत्या दराने कोणाला गेला हे त्याला कळायचे कारण नाही. गावाला मात्र ते कळते. सिमेंटची गोणी अंबाडीला किती आणि भिवंडीत किती, कोणता मिस्त्री काम अर्धवट टाकतो, ही माहिती सभेत बसलेल्या माणसांपाशी असते.

दुसरा आक्षेप जड आहे. ग्रामसभेत येतो कोण? गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि मग सरपंचाच्या गटातली मोजकी माणसे गावाच्या नावाने ठराव करतात. अशा सभेला ठेकेदारावर अधिकार दिला तर तीच आपला माणूस बसवेल. ही भीती खरी आहे, म्हणून अधिकार आणि नोंद यांत फरक करायला हवा. ग्रामसभेने मिस्त्री निवडू नये, दर ठरवू नये. तिने फक्त उघड्यावर आणावे. कोणी कोणाला किती रुपयांना अंगावर काम दिले याची साधी चिठ्ठी पंचायतीत ठेवावी, हप्त्याची मागणी कधी गेली आणि पैसे कधी पडले त्या तारखा फलकावर लावाव्यात, उशीर झाला तर तो इतिवृत्तात लिहून पंचायत समितीला पाठवावा. वर्षातून एकदा सामाजिक लेखापरीक्षण करायचेच आहे, त्यात घर पूर्ण झाले का याबरोबर देणे किती उरले हा प्रश्न घालावा. यात कोणाच्या हाती नवी सत्ता जात नाही, आणि लपवायचे असेल त्याला मात्र अडचण होते.

ठेकेदाराला बंदी असताना लोक चिठ्ठी लिहायलाच घाबरतील, हेही कोणी म्हणेल. ते टाळायचे तर राज्याने एवढे स्पष्ट करायला हवे की सरकारी यंत्रणेने लादलेला ठेकेदार आणि लाभार्थ्याने स्वतः लावलेला मिस्त्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व दुसऱ्याची नोंद केल्याने कोणाचा हप्ता अडणार नाही.

राहतो प्रश्न सभा कधी घ्यायची. भिवंडी तालुक्यातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात घराला २ लाख रुपये आहेत, म्हणजे घरकुलाच्या मूळ अनुदानाचा सर्वात मोठा आकडा त्यांच्याच नावावर आहे. पण २६ जानेवारी आणि १ मे या ठरलेल्या दोन सभांना ती भट्टीवर असतात. बांधकामाचा खरा हंगामही तोच, कोरडे आठ महिने. घर उभे राहत असताना घरधनी गावात नसतो आणि त्याच्या वतीने व्यवहार दुसरा कोणी करतो. तेव्हा दर, हप्ते आणि उधारी यांचे वाचन १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांत झाले पाहिजे, आणि दिवाळीपूर्वी पाड्यावरच एक विशेष सभा बोलावली पाहिजे. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, ग्रामसभा बोलावण्याचा अधिकार सरपंचांना आजही आहे.