अर्जातील निबंध आणि त्याची मांडणी

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असून कागदावर सह्यांऐवजी अंगठे उमटले आहेत, या सबबीवर तो नामंजूर झाला; त्यावर त्या अक्षरे गिरवून पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली, आणि 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. कागदाचा नियमही त्यांनी पाळला आणि कागदात न मावणारे सामर्थ्यही दाखविले. आज त्याच गावातील एखादी विद्यार्थिनी परदेशी विद्यापीठाच्या अर्जातील निबंध लिहावयास बसली, तर तिच्यावरही हीच दुहेरी जबाबदारी येते; मात्र आपली प्रवेशपद्धती सहसा गुणपत्रिका व दाखले यांपलीकडे काही मागत नसल्यामुळे, अशा लेखनाच्या मांडणीचे शिक्षण तिला क्वचितच मिळालेले असते.

प्रथम मर्यादा पाहावी. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे स्वीकारीत असलेल्या 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जातील मुख्य निबंध 250 ते 650 शब्दांचा असावा लागतो. ब्रिटनच्या 'यूकॅस'ने 2026 च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले असून, तिन्ही उत्तरे मिळून, मोकळ्या जागा धरून, 4000 अक्षरचिन्हांत बसवावी लागतात.

हा मजकूर बहुधा संगणकावरील चौकटीत चिकटवावयाचा असल्यामुळे, हौसेने निवडलेला टंक आणि परिच्छेदारंभी सोडलेली जागा तेथे टिकेलच असे नाही. म्हणून दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ कोरी सोडावी, ठळक अक्षरांचा मोह टाळावा, आणि पाठविण्यापूर्वी अर्जाचे पूर्वदृश्य अथपासून इतिपर्यंत वाचावे. शाळेत शिकविलेला मायना, 'आपली नम्र' ही अखेर, यांना येथे स्थान नाही. स्वतंत्र फाईल मागितली असल्यास संस्थेच्या सूचना प्रमाण मानाव्यात. सूचना नसतील तर साधा टंक, 12 आकाराची अक्षरे, चहूबाजूंस पुरेसा समास आणि पीडीएफ स्वरूप एवढे पुरते.

परंतु मांडणीचे खरे मर्म, माझ्या मते, परिच्छेद कोठे तोडावा यात आहे. माण तालुका अवर्षणप्रवण आहे, पाऊस तुटपुंजा पडतो, लोक कष्टाळू आहेत, अशी माहिती देण्यात पहिला परिच्छेद संपला, तर वाचणाऱ्याला भूगोल कळतो, अर्जदार कळत नाही. 2019 च्या दुष्काळात जिचे घर जनावरांसह चारा छावणीत मुक्कामास होते, तिने छावणी म्हणजे काय हे अर्ध्या वाक्यात सांगावे, म्हसवड साताऱ्याच्या पूर्वेस आहे एवढेच नमूद करावे, आणि गोठ्याचे काम व अभ्यास यांची वाटणी तिने कशी केली हे सांगण्यासाठी सर्वांत मोठा परिच्छेद राखून ठेवावा.