एप्वर्थच्या घरांतील शाळा

घर हीच शाळा झाली म्हणजे तिचे दिवस कसे जातात, हें सुसान्नाबाई वेस्ली यांच्या संसारांत पाहावें. त्यांस १९ मुलें झालीं, पैकीं १० जगलीं. इंग्लंडांतील एप्वर्थ गांवीं त्या आपल्या मुलांस स्वतः शिकवीत. ही हकीकत त्यांनीं १७३२ सालीं आपला पुत्र जॉन, म्हणजे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, यास पत्रानें कळविली.

पांचवा वाढदिवस झाला कीं दुसऱ्या दिवशीं शाळा. आदल्या दिवशीं घर आवरून प्रत्येकास काम नेमून देत. ९ ते १२ व २ ते ५ ह्या वेळांत खोलींत कोणीं येऊं नये, अशी ताकीद असे. तेवढ्यांत मुळाक्षरें यावयाचीं! दोन मुलींस दीड दिवस लागला, म्हणून आईनें त्यांस मंद ठरविलें. पुढें इतरांचीं मुलें पाहून तिचें मत पालटलें. थोरला सॅम्युएल फेब्रुवारींत शिकूं लागला, तो पेन्टेकॉस्टच्या सणास अख्खा अध्याय वाचूं लागला.

१७०९ सालीं घर जळालें, मुलें परघरीं विखुरलीं व त्यांचें वळण बिघडलें. परत एकत्र आल्यावर स्तोत्र गाऊन शाळा भरूं व सुटूं लागली. सायंकाळीं पांच वाजतां थोरलें भावंड धाकट्यास स्तोत्र व नव्या करारांतील अध्याय वाचून दाखवी.

वर्षाच्या मुलास छडीचें भय घालण्याची बाईंची रीत मात्र आम्हांस मान्य नाहीं. उलट, मुलीस चांगलें वाचतां आल्यावांचून शिवणकाम शिकवूं नये, हा त्यांचा नियम आमच्या कित्येक घरांत अद्याप पोहोंचलेला नाहीं.