अतिदक्षता विभागातील मुग्धभ्रांती

मुग्धभ्रांती अथवा डेलिरियम ही गंभीर आजारात मेंदूचे कार्य अचानक विस्कळीत झाल्याने उद्भवणारी अवस्था आहे. काही तासांत किंवा दिवसांत ती सुरू होते, दिवसभरात कमीअधिक होत राहते आणि तिच्यात अवधान, स्थलकालाचे भान व विचारांची संगती ढळते. तापात असंबद्ध बडबडणाऱ्या रुग्णाला ‘वात झाला’ असे म्हणतात, ते याच अवस्थेला उद्देशून. जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, गुंगीची औषधे व निद्रानाश ही तिची काही कारणे होत. तिला वेड समजणे चुकीचे आहे.

== रुग्णाचा अनुभव ==

रुग्णाला दिसणारे जग बहुधा खऱ्या संवेदनांतूनच घडते, फक्त त्यांचा अर्थ बदललेला असतो. नळ्या निघू नयेत म्हणून मनगटे बांधली, तर आपल्याला कैद केले आहे असे वाटते. मूत्रनलिका घालणे हा शरीरावरील अत्याचार भासतो, औषध हे विष ठरते आणि परिचारिका कटात सामील असल्याची खात्री पटते. अनेकांना आपण जहाजात किंवा आगगाडीत आहोत असे वाटते. काहींना भिंतीवर किडे दिसतात. घशात श्वासनलिका असल्याने रुग्णाला ही भीती बोलून दाखवता येत नाही. बरे झाल्यावर प्रत्यक्ष उपचार आठवत नाहीत, पण हे भास लख्ख आठवतात. लोक वेडा म्हणतील या धास्तीने कित्येक जण घरीही त्याविषयी बोलत नाहीत.

== निदान ==

नळ्या उपटणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. त्याहून अधिक आढळणारा प्रकार मात्र निपचित पडून राहण्याचा आहे. असा रुग्ण ‘शांत’ समजला जातो आणि निदान हुकते. बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी २००१ मध्ये अमेरिकेत वेस्ली ईली व सहकाऱ्यांनी ‘कॅम-आयसीयू’ ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात ठरावीक अक्षर ऐकू येताच हात दाबायला सांगतात आणि ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ असे साधे प्रश्न विचारतात. उत्तर मानेनेही देता येते.

== परिणाम व उपाय ==

अमेरिकेतील ८२१ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना मुग्धभ्रांती झाली होती. ती जितके अधिक दिवस टिकली, तितकी वर्षभरानंतरची स्मरणशक्ती व आकलन क्षीण आढळले. हॅलोपेरिडॉल या औषधाने तिचा कालावधी घटत नाही, असे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. त्यामुळे भर आहे तो साध्या गोष्टींवर: गुंगीची औषधे कमीत कमी देणे, रात्री झोपू देणे, लवकर उठवून बसवणे, चष्मा व श्रवणयंत्र परत देणे. कोविड-१९ च्या २,०८८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ज्यांना कुटुंबीय प्रत्यक्ष किंवा दूरचित्रसंवादाने भेटले, त्यांच्यात मुग्धभ्रांतीचा धोका कमी आढळला. काही युरोपीय देशांत परिचारिका व नातेवाईक रुग्णासाठी रोजनिशी लिहितात. घरी परतल्यावर ती वाचून, ‘कैदेच्या’ त्या दिवसांत आपले हात कोणी व का बांधले होते, हे त्याला कळते.